टोकाला काहीच नाही, तरी मीटर समाधानी!

गच्चीवर अँटेना आहे. तिथून खालच्या खोलीपर्यंत बारीक, काळी, तीस मीटर लांबीची आरजी-५८ जातीची कोॲक्सिअल केबल आली आहे. रात्री वादळ होते, अँटेना मोडून शेजारच्या अंगणात पडते, आणि केबलचे वरचे टोक उघडेच लोंबकळत राहते. सकाळी खोलीतला माणूस १४५ मेगाहर्ट्झवर एसडब्ल्यूआर मीटर पाहतो. काटा साधारण १.७ दाखवतो. दोनच्या आत आहे म्हणजे सगळे ठीक आहे, असे समजून तो माणूस प्रक्षेपण सुरू करतो. त्याच्या आवाजाला आकाशात जायला वाटच उरलेली नाही, याची मीटरला खबर नाही आणि म्हणून त्यालाही नाही.

ही अतिशयोक्ती नाही, साधा हिशेब आहे. या जातीच्या केबलमध्ये त्या वारंवारतेला शंभर मीटरमागे सुमारे २० डेसिबेल क्षय होतो, म्हणजे तीस मीटरला सुमारे ६ डेसिबेल. वर जाणाऱ्या शक्तीपैकी एक चतुर्थांश टोकाला पोहोचते. टोक उघडे असल्याने ती सगळी परत फिरते, आणि परतीच्या वाटेवर तिचाही तीन चतुर्थांश भाग केबल खाऊन टाकते. मीटरपाशी परत येतो तो मूळ शक्तीचा सोळावा हिस्सा. परत येणारे इतके थोडे, म्हणून मीटरला वाटते की वर अँटेनाने सारे स्वीकारले. प्रत्यक्षात सारे केबलने गिळलेले असते. आंधळे दळते आणि कुत्रे पीठ खाते; फरक इतकाच की इथे दळणाऱ्याला शाबासकीही मिळते.

देशातील विज्ञानवार्तांत केबलला कधी जागा मिळत नाही. उपग्रह किती टनांचा, दुर्बिणीची तबकडी किती मीटरची, प्रकल्प किती कोटींचा, हे ठळक अक्षरांत छापले जाते. तबकडीपासून संग्राहकापर्यंत संकेत कशातून आला, त्या वाटेचा क्षय कोणी मोजला, केव्हा मोजला, कोणत्या यंत्राने मोजला, हे कोणी विचारत नाही. आकार, किंमत आणि नाव या तीन गोष्टींवर पोसलेली विज्ञाननिष्ठा मोजमापाच्या पहिल्याच पायरीवर अडखळते. आणि हीच सवय खालपर्यंत झिरपते: अभियांत्रिकी महाविद्यालयांच्या प्रयोगशाळांत, हौशी रेडिओ केंद्रांत, आपत्तीकाळासाठी कपाटात ठेवलेल्या संचांत. तिथे केबलची कसोटी एकच असते, ‘चालते ना?’ या प्रश्नाला ‘चालते’ हे उत्तर मिळाले की चौकशी संपते.

चौकशी तिथून सुरू व्हायला हवी. एसडब्ल्यूआर कमी आला म्हणजे अँटेना चांगली, ही समजूत रेडिओच्या जगातील सर्वांत टिकाऊ अंधश्रद्धा आहे. एसडब्ल्यूआर हे पाठवलेल्या आणि परतलेल्या तरंगांचे नाते सांगते. परत न आलेली ऊर्जा नेमकी कुठे गेली, हे ते सांगत नाही. ती आकाशात गेली असेल, केबलच्या प्लास्टिकमध्ये उष्णता होऊन विरली असेल, किंवा ट्रान्सफॉर्मरच्या फेराइट कड्यात जिरली असेल. मीटरला तिन्ही सारखेच. म्हणूनच केबल जितकी सदोष, तितका आकडा देखणा. समजा अँटेनापाशी एसडब्ल्यूआर ५ आहे, म्हणजे ती चांगलीच बिघडलेली आहे. मधल्या केबलने ३ डेसिबेल खाल्ले, तर खाली मीटरवर दिसतो फक्त २. केबल बदलून उत्तम प्रतीची लावली की आकडा वाढतो, आणि मालक तक्रार करतो की नवी केबल खराब निघाली! झाकली मूठ सव्वा लाखाची म्हणतात ती अशी. जुनी केबल मूठ झाकत होती, नव्या केबलने ती उघडली, आणि दोष आला उघडणाऱ्याच्या माथी.

यावर नेहमीचा बचाव ठरलेला असतो: ‘संपर्क होतो आहे, मग मोजायचे कशाला?’ हा बचाव ऐकायला व्यवहारी वाटतो, पण त्यात व्यवहार नाही. ६ डेसिबेल क्षय म्हणजे १०० वॉट खर्चून २५ वॉट वापरणे. बाकी ७५ वॉटांनी केबल कोमट होते. शिवाय हा क्षय जाताना लागतो तसा येतानाही लागतो. दूरवरचा क्षीण आवाज संग्राहकापर्यंत येण्याआधीच केबलमध्ये बुडतो, आणि अतिउच्च वारंवारतेवर एकदा गोंगाटाखाली गेलेला संकेत पुढे कितीही वर्धन केले तरी वर येत नाही. ज्या दिवशी हवामान चांगले, समोरचे केंद्र जवळ आणि बॅटरी भरलेली असते, त्या दिवशी कोणतीही केबल चालते. कसोटी लागते ती उरलेल्या दिवशी.

बरे, मोजणे अवघड आहे का? अँटेना ॲनालायझर नावाचे यंत्र आता तळहातावर मावते. नॅनोव्हीएनएसारखी छोटी यंत्रे काही हजार रुपयांत मिळतात. एका सुमार मोबाइलपेक्षाही स्वस्त. यंत्राच्या नावात अँटेना आहे, म्हणून बहुतेक लोक ते फक्त अँटेनाला लावतात. त्याचा खरा उपयोग अँटेना जोडण्याच्या आधीचा आहे. केबल जमिनीवर सैल पसरून, एक टोक यंत्राला, दुसरे टोक मोकळे. एवढ्यावर तिची पूर्ण चौकशी होते.

पहिली चौकशी लांबीची. मोकळ्या टोकाच्या केबलची विद्युत लांबी तरंगलांबीच्या बरोबर एक चतुर्थांश होते, त्या वारंवारतेला यंत्राकडील टोक जणू शॉर्ट असल्यासारखे दिसते: रोध जवळजवळ शून्य, रिॲक्टन्सही शून्य. घन पॉलिथिलीन असलेल्या केबलचा वेग-गुणक ०.६६ असतो. अशा दहा मीटर केबलला ही खूण ४.९५ मेगाहर्ट्झच्या आसपास सापडली पाहिजे. ती ७.०७ मेगाहर्ट्झला सापडली, तर केबल दहा मीटरची राहिलेली नाही; सातव्या मीटरवर आतली तार तुटलेली आहे. बाहेरून अखंड, आतून तुटलेली केबल एका वाचनात पकडली जाते, भिंत न फोडता आणि वेष्टन न कापता. ज्या केबलची लांबी फीतपट्टीने मोजता येते, तिचा वेग-गुणकच उलट काढता येतो. ०.६६ अपेक्षित असताना ०.८० आला, तर आत घन प्लास्टिकऐवजी फेसाळ प्लास्टिक आहे. वेष्टनावर काय छापले आहे, याची साक्ष काढण्याची मग गरज उरत नाही.

दुसरी चौकशी इम्पीडन्सची. वरची खूण सापडली की तिच्या निम्म्या वारंवारतेवर जावे. तिथे केबल तरंगलांबीच्या एक अष्टमांश असते, आणि मोकळ्या टोकाच्या केबलचा रिॲक्टन्स तिच्या स्वतःच्या इम्पीडन्सइतकाच दिसतो. ५० ओहमची केबल ५० दाखवते, ७५ ओहमची ७५. भारतात ही चौकशी विशेष महत्त्वाची आहे, कारण घरोघरी पोहोचलेल्या दूरदर्शन संचांमुळे ७५ ओहमची केबल गल्लीतल्या दुकानातही मिळते आणि ५० ओहमची शोधावी लागते. मुंबईचा लॅमिंग्टन रोड असो, बंगळुरूचा एसपी रोड किंवा चेन्नईची रिची स्ट्रीट, गुंडाळीतून कापून दिलेल्या तुकड्यावरची अक्षरे पुसट असतात, किंवा त्या तुकड्यावर आलेलीच नसतात. ७५ ओहमची केबल वापरणे हा गुन्हा नाही. तिच्या टोकाला ५० ओहमचा भार लावला तर एसडब्ल्यूआर दीड होतो, आणि केबल अर्ध्या तरंगलांबीच्या पटीत कापली तर त्या वारंवारतेला टोकाचा भार जसाच्या तसा खाली दिसतो. जाणून वापरली तर ती उत्तम आणि स्वस्त आहे. ५० समजून ७५ वापरणे, आणि मग अँटेनाच्या लांबीत महिनाभर काटछाट करत बसणे, हा मात्र अडाणीपणा आहे. पदवी कितीही मोठी असली तरी.

तिसरी चौकशी क्षयाची, आणि खरा न्याय इथे होतो. टोक मोकळे असताना सारी ऊर्जा परतली पाहिजे. जितकी परतली नाही, तितकी केबलने जाता-येता खाल्ली. यंत्रावर दिसणाऱ्या रिटर्न लॉसचे निम्मे केले की एका फेरीचा क्षय मिळतो. अधिक काटेकोर व्हायचे असेल, तर एकदा टोक मोकळे ठेवून आणि एकदा ते शॉर्ट करून दोन वाचने घ्यावीत व त्यांची सरासरी काढावी. मोकळ्या टोकाच्या केबलला एसडब्ल्यूआर जितका मोठा, तितकी ती चांगली. इथे नेहमीची समजूत डोक्यावर उभी राहते. मोकळ्या टोकाला ३ दाखवणारी केबल अर्धी शक्ती खाते. सुरुवातीला सांगितलेली तीच तीस मीटरची केबल ७ मेगाहर्ट्झवर तपासली, तर क्षय जेमतेम एक ते सव्वा डेसिबेल येतो आणि मोकळ्या टोकाला एसडब्ल्यूआर साडेसातच्या आसपास दिसतो. तिथे ती निभावून नेते. तीच १४५ मेगाहर्ट्झवर दिवाळखोर ठरते. म्हणजे ‘केबल चांगली आहे का?’ हा प्रश्नच अपुरा आहे. कोणत्या वारंवारतेला, किती लांबीला, हे विचारल्याशिवाय त्याला उत्तर नसते. जिथे वापरायची तिथेच मोजायची.

मोजायचे एकदाच नव्हे. भारतात पावसाळा आहे, आणि केबलचे जोड हे पावसाचे आवडते प्रवेशद्वार आहे. कनेक्टरवर टेप नीट न गुंडाळल्यास पाणी विणलेल्या तांब्याच्या जाळीत शिरते आणि वातीतल्या तेलासारखे आतवर सरकत जाते. तांबे काळे पडते, क्षय वाढतो, आणि काटा मात्र दिवसेंदिवस सुधारत जातो. अँटेना स्वतःहून सुधारत नसते. मृगाआधी घेतलेले वाचन आणि दसऱ्याला घेतलेले वाचन शेजारी ठेवले, तर केबलने पाणी प्यायले की नाही हे शिडी न लावता कळते. त्यासाठी आधीचे वाचन लिहून ठेवलेले असावे लागते. ते लिहून ठेवण्याची सवय नसणे, हाच या साऱ्या रोगाचा मूळ जंतू.

केबलनंतर ट्रान्सफॉर्मर. अँटेनाचा आणि केबलचा मेळ घालण्यासाठी फेराइटच्या कड्यावर तार गुंडाळून बनवलेले हे छोटे उपकरण म्हणजे हौशी आणि व्यावसायिक दोन्ही जगांतला सर्वांत कमी तपासला जाणारा घटक. डबीवर ‘एकास नऊ’ किंवा ‘एकास एकोणपन्नास’ छापलेले असते, आणि छापील अक्षरांना वेदवाक्याचा मान मिळतो. नाव सोनुबाई आणि हाती कथलाचा वाळा, हे पडताळायला एक रोधक पुरतो. वेढ्यांचे प्रमाण एकास तीन असेल तर इम्पीडन्सचे एकास नऊ; म्हणून दुय्यम बाजूला ४५० ओहमचा रोधक लावल्यास प्राथमिक बाजूला ५० ओहम दिसले पाहिजेत. एकास चारला २०० ओहम, एकास एकोणपन्नासला २४५० ओहम. रोधक कार्बनचा किंवा धातूच्या पातळ थराचा असावा. तार गुंडाळलेला रोधक स्वतःच कॉइल असतो आणि चाचणीच खोटी पाडतो. मग ३.५ पासून ३० मेगाहर्ट्झपर्यंत यंत्र फिरवावे. खालच्या टोकाला आकडा बिघडला तर वेढे कमी किंवा कड्याचे द्रव्य चुकीचे. वरच्या टोकाला बिघडला तर तारांची लांबी आणि वेढ्यांमधली धारकता नडते आहे.

पण इथेही तोच जुना सापळा आहे, आणि बहुसंख्य लोक इथेच थांबून त्यात अडकतात. रोधक लावून एसडब्ल्यूआर सपाट, देखणा आला म्हणजे ट्रान्सफॉर्मर उत्तम, असे ठरत नाही. चुकीच्या द्रव्याचे कडे ऊर्जा स्वतःच शोषून घेते आणि आलेख आणखी सपाट करते. जुन्या दूरचित्रवाणी संचातून किंवा संगणकाच्या वीजपुरवठ्यातून काढलेले कडे फुकट मिळते, पण त्याचे द्रव्य कोणते हे त्यावर लिहिलेले नसते. गोंगाट गिळण्यासाठी बनवलेले कडे संकेतही तितक्याच भुकेने गिळते. यावरची चाचणी सोपी आहे. दोन एकसारखे ट्रान्सफॉर्मर बनवून त्यांच्या दुय्यम बाजू एकमेकींना जोडाव्यात, आणि दोन द्वारांच्या यंत्राने या टोकाकडून त्या टोकाकडे किती पोहोचले ते पाहावे. एकूण क्षय १ डेसिबेल आला तर प्रत्येकाच्या वाट्याला अर्धा. यंत्राला एकच द्वार असेल, तर दुय्यम बाजू एकदा मोकळी व एकदा शॉर्ट करून रिटर्न लॉसची सरासरी घ्यावी आणि तिचे निम्मे करावे. ढोबळ अंदाज मिळतो. ३ डेसिबेल खाणारा ट्रान्सफॉर्मर १०० वॉटांतले ५० वॉट उष्णतेत घालवतो. कडे तापते, त्याचे चुंबकीय गुण ढासळतात, आणि मग ऐन संभाषणाच्या मध्यात अँटेना ‘अचानक’ बिघडते. त्यात अचानक असे काही नसते. ते सारे पहिल्या दिवशीच मोजता आले असते.

एकास एक बॅलनची गोष्ट तर याहून बोलकी आहे. केबलच्या बाह्य कवचावरून वाहणारा नको असलेला प्रवाह रोखणे हे त्याचे काम. ५० ओहमचा रोधक लावून एसडब्ल्यूआर पाहिला तर तो एकच्या जवळच येणार, कारण आत केबलच आहे. रोखण्याचे काम तो करतो की नाही, याविषयी त्या आकड्यात एक अक्षरही नसते. त्यासाठी केबलचे बाह्य कवच दोन्ही टोकांनी यंत्राच्या दोन द्वारांमध्ये जोडून, त्यातून किती कमी पार होते ते बघावे लागते. चुकीचा प्रश्न विचारून बरोबर उत्तर मिळवल्याचे समाधान किती फसवे असते, याचा याहून सोपा नमुना सापडणार नाही.

आणि यंत्र? तेही देव नाही. मोकळे, शॉर्ट आणि ५० ओहम या तीन प्रमाणांनी त्याचे अंशन केल्याशिवाय त्याचे वाचन म्हणजे सुबक आकड्यांतला तर्क असतो. अंशन कोणत्या टोकाला केले, त्या टोकापासून पुढचेच मोजले जाते. मध्ये नंतर एखादा जोड घुसवला तर तोही मापात शिरतो. जवळपास शक्तिशाली आकाशवाणी प्रक्षेपक असेल तर त्याचा संकेत लांब अँटेनातून यंत्रात शिरून वाचन नासवतो. ज्याने हे पथ्य पाळले नाही, त्याने यंत्र विकत घेतले आहे, मोजमाप नाही. मीटरवरची आंधळी श्रद्धा काढून ती ॲनालायझरवर ठेवली, एवढाच त्याचा पराक्रम.

‘हे सारे हौशी लोकांचे किरकोळ खेळ, राष्ट्रीय विज्ञानाचा याच्याशी संबंध काय?’ असे म्हणणाऱ्यांनी बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेकडे पाहावे. २०१८ मध्ये ऑस्ट्रेलियातील एजेस या प्रयोगाने विश्वातील पहिल्या ताऱ्यांच्या काळाची खूण सापडल्याचे जाहीर केले. ७८ मेगाहर्ट्झच्या आसपास, सुमारे १९ मेगाहर्ट्झ रुंद आणि जेमतेम अर्धा केल्विन खोल असा तो खळगा होता. त्याच वारंवारतांना आकाशाची स्वतःची रेडिओ दीप्ती त्या संकेताच्या हजार पटींहून मोठी असते. असा दावा मानायचा की नाही, हे कशावर ठरते? अँटेनापासून संग्राहकापर्यंतच्या वाटेत कुठे, किती परावर्तन होते, यावर. पाच मीटर साध्या केबलच्या दोन्ही टोकांना किंचित बेमेळ असला, तर तरंग तिच्यात मागेपुढे होऊन वर्णपटात लाटा उमटवतात, आणि त्या लाटांतले अंतर येते सुमारे २० मेगाहर्ट्झ. जवळजवळ त्या खळग्याच्याच रुंदीचे! एजेसमध्ये अशी केबल होती, असा याचा अर्थ मुळीच नाही. अर्थ एवढाच की पाच मीटर केबल विश्वाच्या पहाटेची हुबेहूब नक्कल करू शकते, आणि ती करत नाही हे सिद्ध करण्याची जबाबदारी मोजणाऱ्याची असते.

रामन संस्थेच्या सारस-३ या प्रयोगाने ही जबाबदारी पत्करली. जमिनीच्या थरांमुळे येणारा गोंधळ टाळण्यासाठी अँटेना पाण्यावर तरंगती ठेवली: कर्नाटकातील दंडिगनहळ्ळी तलावावर आणि शरावतीच्या जलाशयावर. संग्राहक अँटेनाच्या अगदी खाली ठेवला, म्हणजे मधली लांबीच उरू नये, आणि पुढचा प्रवास प्रकाशतंतूतून केला. २०२० मधील निरीक्षणांवर आधारलेला निष्कर्ष फेब्रुवारी २०२२ मध्ये ‘नेचर ॲस्ट्रॉनॉमी’त आला: एजेसला दिसलेला तसा खळगा ९५.३ टक्के विश्वासाने नाकारता येतो. जगभर गाजलेल्या शोधाला भारतातल्या एका तलावावरून आव्हान दिले गेले, ते देशभक्तीच्या बळावर नव्हे, तर परावर्तनांचा हिशेब चोख ठेवल्यामुळे. वृत्तपत्रांत मात्र ‘भारतीय शास्त्रज्ञांनी पाश्चात्त्यांना धडा शिकवला’ एवढाच सूर निघणे सोपे असते. धडा खरा होता, पण तो मोजण्याचा होता, आणि तो भारतातल्या प्रत्येक प्रयोगशाळेलाही तितकाच लागू आहे.

युरोपातही हेच दिसले. २०११ मध्ये ऑपेरा प्रयोगातील न्यूट्रिनो प्रकाशाहून सुमारे ६० अब्जांश सेकंद आधी पोहोचल्याचे जाहीर झाले. आइन्स्टाइनला बाजूला सारण्याच्या गप्पा सुरू झाल्या. पुढच्या वर्षी कारण सापडले, त्यात मुख्य होती प्रकाशतंतूची नीट न बसलेली एक जोडणी. एका कनेक्टरने सापेक्षता सिद्धांत काही महिने पणाला लावला. लाजण्यासारखे त्यात काही नव्हते, कारण त्या लोकांनी स्वतःच शोधले आणि स्वतःच सांगितले. लाज आहे ती जोड कधी न तपासणाऱ्यांची.

भारताला ही परंपरा परकी नाही. जगदीशचंद्र बोस यांनी १८९५ मध्ये कलकत्त्यात रेडिओ तरंगांनी दूरची घंटा वाजवून दाखवली, ही कथा पाठ्यपुस्तकात आहे. त्याच बोसांनी मिलिमीटर तरंगांची तरंगलांबी जालकाने मोजली, पदार्थांचे अपवर्तनांक काढले, ध्रुवण मापण्याची साधने स्वतः घडवली, हे पाठ्यपुस्तकात क्वचितच येते. घंटेचा चमत्कार लक्षात राहिला, मोजपट्टी विसरली गेली. गोविंद स्वरूप यांनी उटीच्या डोंगरउतारावर ५३० मीटर लांबीची दुर्बीण उभारली, नारायणगावाजवळ खोडद येथे ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्यांची जीएमआरटी साकारली. या दुर्बिणी तबकड्यांच्या आकारावर चालत नाहीत. रोज, प्रत्येक वाटेवरचा क्षय आणि विलंब मोजत राहणाऱ्या तंत्रज्ञांवर चालतात. त्यांची छायाचित्रे कुठे छापली जात नाहीत.

महाविद्यालयांची स्थिती याच्या उलट टोकाला आहे. स्मिथ आलेख काढता येतो म्हणून गुण मिळतात. त्या आलेखावर खऱ्या केबलचा बिंदू फिरताना पाहण्याचा योग अनेक विद्यार्थ्यांना पदवी हातात पडेपर्यंत येत नाही. महागडे नेटवर्क ॲनालायझर असले तर ते ‘बिघडेल’ म्हणून कपाटात कुलूपबंद, आणि स्वस्त यंत्र ‘अधिकृत नाही’ म्हणून खरेदीच्या यादीबाहेर. मधल्या मध्ये विद्यार्थी जर्नलमध्ये मागच्या वर्षीची वाचने उतरवतो. ज्याने आयुष्यात पहिले मोजमाप नकलून लिहिले, त्याच्याकडून पुढे उपग्रहाच्या संकेतमार्गाची प्रामाणिक चाचणी अपेक्षिणे म्हणजे बाभळीला आंब्यांची वाट पाहणे.

हे सारे केवळ गुणवत्तेचे प्रश्न असते तरी पुरे होते. पण इथे जिवांचा प्रश्न आहे. २६ डिसेंबर २००४ रोजी त्सुनामी आली, तेव्हा भारती प्रसाद यांच्या नेतृत्वाखालील हौशी रेडिओचालकांचा चमू पोर्ट ब्लेअरमध्ये वेगळ्याच मोहिमेवर होता. नेहमीच्या दळणवळणाच्या वाटा कोसळल्या आणि त्या चमूच्या रेडिओवरून अंदमानचे निरोप मुख्य भूमीपर्यंत जाऊ लागले. अशा दिवशी बाजार उघडा नसतो, नवी केबल मिळत नाही, वीज मोजून वापरावी लागते. जवळ जी केबल आहे तीच केबल, जो ट्रान्सफॉर्मर आहे तोच ट्रान्सफॉर्मर. बॅटरीवरच्या दहा वॉटांतले साडेसात वॉट केबल खाणार असेल, तर हरवलेल्या माणसाचे नाव पलीकडे ऐकू जाणार नाही, आणि ते का ऐकू गेले नाही हेही कोणाला कधी कळणार नाही. आपत्तीत न पोहोचलेल्या निरोपाची नोंद कोणत्याच अहवालात नसते.

म्हणून मागणी साधी आहे. आपत्तीसाठी राखलेल्या प्रत्येक रेडिओ संचासोबत त्याच्या केबलची आरोग्यपत्रिका असावी: लांबी, वेग-गुणक, इम्पीडन्स, वापरायच्या वारंवारतेला टोक मोकळे ठेवून मोजलेला क्षय, आणि तारीख. पावसाळ्याआधी एक नोंद, पावसाळ्यानंतर एक. ट्रान्सफॉर्मर रोधकावर तपासलेला असावा आणि त्याचा क्षय वेगळा मोजलेला असावा. अभियांत्रिकीच्या प्रत्येक विद्यार्थ्याने एक केबल स्वतःच्या हाताने कापावी, कनेक्टरला स्वतः डाख द्यावा, आणि तिचे माप स्वतः घ्यावे. वाईट आले तर वाईट लिहावे, आणि वाईट लिहिल्याबद्दल त्याचे गुण कापले जाऊ नयेत. यापैकी कशालाही कोटींचा निधी लागत नाही. लागतो तो अर्धा तास, एक वही, आणि ‘चालते ना?’ या प्रश्नावर समाधान न मानण्याचा स्वभाव.

हा स्वभाव नसेल, तर अधिक महागड्या तबकड्या, अधिक उंच मनोरे आणि अधिक मोठे मथळे यांनी काहीच बदलणार नाही. अँटेना अंगणात मोडून पडलेली असेल, केबलचे टोक वाऱ्यावर हलत असेल, आणि खाली खोलीत काटा १.७ वर शांत उभा असेल.